पुढचं डावं चाक

"ताई, कोरड्या रस्त्यावर हा दिवा सारखा लुकलुकतोय," असं म्हणत मुख्याध्यापिका बाई गाडी घेऊन परत आल्या, तेव्हा मी त्यांनाच झापलं. म्हटलं, "वाळूत घातली असेल गाडी! चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करणार आणि त्याचा दिवा लुकलुकणारच. त्यासाठीच तर ठेवलाय तो."

"कसली वाळू? अहो, शाळा ते घर एवढंच तर जाते मी. आणि चौकात वळताना गाडीचा दमच जातो. आज मागून ट्रक येत होता. माझी पाचावर धारण बसली."

दादा शेजारीच उभा होता, हात खिशात घालून. 

खरं तर बाईंवर माझा राग नव्हताच. गॅरेज आम्हा दोघा भावंडांचं. कॉम्प्युटर लावून दोष शोधायचं काम माझं, खोलायचं-बसवायचं दादाचं. वहिनी गेल्यापासून त्याला घर खायला उठतं. गॅरेजमध्ये आला की मात्र अजून शीळ घालतो. हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार. तेव्हा त्यानेच मला बजावलं होतं, "माझ्या हातामुळे एखादी गाडी बिघडली, की त्याच दिवशी मी थांबणार. कुणाच्या जिवाशी खेळ नको." आणि बाईंच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग त्यानेच नुकतं बदललं होतं.

म्हणून मी जंग जंग पछाडलं. चारही टायर मापले, कारण एखादा लहानमोठा असला तरी गाडीला वाटतं की चाक घसरतंय. सगळे सारखे निघाले. वायर तपासली, सेन्सर पुसला, शेवटी नवा घातला. दिवा आपला लुकलुकतोच आहे! मग कॉम्प्युटर दादाच्या मांडीवर दिला आणि मी गाडी गल्लीतून फिरवली.

"तीन चाकं ठीक आहेत," दादा म्हणाला. "पुढचं डावं दर फेरीला अडखळतंय. बेअरिंग काढ, चिमे."

पन्नाशीच्या बाईला हा अजून चिमे म्हणतो.

"वायरचंच असणार काहीतरी," मी म्हणाले.

"काढ म्हणतो ना."

काढलं. या बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकाची पट्टी असते. तिच्यावरच्या खुणा मोजून सेन्सर चाकाचा वेग सांगतो. त्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी पट्टीवर कागद ठेवला आणि लोखंडाचा बारीक कीस भुरभुरला. कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटल्या. एका जागी मात्र रेघाच नाहीत, सगळा गिचमिडा.

"कारखान्यातूनच खराब आलंय," मी घाईघाईने म्हणाले. "हल्ली कशाचा म्हणून भरवसा नाही."

दादाने बाकावरची वाटी माझ्यापुढे सरकवली. बुडाला जाड लोहचुंबक असलेली. काढलेले नट सांडू नयेत म्हणून त्याने अलीकडेच आणली होती. "यात ठेवलं होतं मी," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "अरे, हे बेअरिंग चुंबकाजवळ नेलं की खुणा पुसल्या जातात हे मला तूच शिकवलंस ना! अक्कल काय गहाण ठेवली होतीस?"

"माहीत होतं गं. पण दोन्ही हातांनी धरलं तरी निसटत होतं. खाली आपटेल म्हणून जरा वाटीत टेकवलं. तिथं चिकटून राहिलं, तेव्हा बरं वाटलं."

मला रडू फुटलं. लपवायचंही सुचलं नाही. बरं वाटलं म्हणे!

नवं बेअरिंग मी बसवलं. दादा पाहत राहिला. एकदा त्याचा हात पान्याकडे आला आणि तसाच मागे गेला. मग आम्ही गाडी घेऊन चौकात गेलो. बाई म्हणाल्या होत्या त्याच वळणावर मी मुद्दाम जोरात वळले. दादाची नजर दिव्यावर, माझीही. गाड्यांचे असले दिवे विझावेत म्हणून आम्ही दोघांनी आयुष्यभर जिवाचं रान केलं, आणि त्या वळणावर मी मनात विनवत होते, लाग रे बाबा, एकदा तरी लाग, म्हणजे दोष दुसरीकडेच कुठेतरी असेल.

"पुन्हा वळ," दादा म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं.

पुन्हा वळले. मग त्याने न सांगताच आणखी एकदा. दिवा काही लागला नाही.

"झाली गाडी," दादा म्हणाला. "बाईंना फोन कर."

गॅरेजचं वळण आलं तसा त्याने माझ्या दंडाला हात लावला. "सरळ घे, चिमे. मला घरी सोड."

अजून दुपारचं जेवणसुद्धा व्हायचं होतं.