समासातली निळी शाई

“स्तुती केलीस तर कारण दे. दोष काढलास तर दोन दे. आणि माझ्यावर आक्षेप घेणाऱ्यासाठी समास मोकळा सोड.”

अठराव्या शतकातले टीकाकार त्र्यंबकशास्त्री असं बजावत आणि त्यांचा शिष्य काजळाच्या शाईने मला लिहीत जाई. मित्रांनो, मी तीच जुनी पोथी. हल्ली कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये, देव्हाऱ्यात असते.

शास्त्रीबुवांनी स्वतःच्या गुरूंची कविताही सोडली नाही. कवी केवढा मोठा, हे ते विचारायचेच नाहीत. ओवी खरं बोलते का, एवढंच बघायचे. ते गेले, पण माझ्या समासात वाचक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशी भांडत राहिले. त्यांचा वारसा म्हणायचा तो हाच.

शेवटचे भांडले डॉक्टर नरेंद्र. हॉस्पिटलमधून आले की निळ्या शाईचं पेन उघडायचे. “शास्त्रीबुवा, इथे तुमचं चुकलं हं!” म्हणून हसायचे. हे जग सोडण्यापूर्वी पत्नीला म्हणाले, “उत्तरा, ही आपल्या नेत्राला दे. माझं काय चुकलं, ते तिला लिहू दे.”

“देईन,” उत्तराकाकू म्हणाल्या.

दिली नाही. मला लाल कापडात बांधलं, रोज स्नान झालं की फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. पाच वर्षं मला कुणी उघडलं नाही.

नेत्रा शेजारच्या क्युपर्टिनोहून यायची. “आई, इट्स अ बुक, यार! बाबांनी मला दिलंय ते.”

“आईला यार म्हणतेस? पोथी आहे ती. पेन चालवशील तिच्यावर, पाप लागेल.”

“मग बाबांनी आयुष्यभर काय केलं?”

काकू जपमाळ ओढत राहिल्या.

यंदा दसऱ्याला नवं वस्त्र गुंडाळायला त्यांनी मला सोडलं. काजळाची शाई जशीच्या तशी होती. निळी मात्र रोजच्या पाण्याने धुऊन गेली होती आणि समासभर कापडाचा लाल रंग उतरला होता. काकूंनी पानामागून पान उलटलं. नवऱ्याचं एक अक्षर सापडेना.

“अगं बाई,” त्या पुटपुटल्या, “मीच पुसलं.”

मित्रांनो, भक्तीवर माझा राग नाही. पण ‘मानू नका, तपासा’ म्हणणाऱ्याचाच देव करून त्याचं तोंड बांधलंत, तर वाळवी परवडली. ती निदान पानापानातून जाते. नमस्कार जरूर करा, पण आधी उघडा.

काकूंनी मला कोरड्या टॉवेलात ठेवलं, देवापुढचा दिवा नीट केला, स्वेटर चढवला. फोन केला नाही, काही नाही. मला छातीशी धरून त्या क्युपर्टिनोच्या बसकडे चालू लागल्या.