तारबाबाची चांदी आणि अण्णांचा डावा कान

अण्णांच्या धाकट्या मुलीला जुळी झाली, त्याच वर्षी लाकूडसामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तारबाबाचे रविवार सुरू झाले. बसायला जागा मिळायची नाही. निवृत्त कारकून, औषधवाले काका, एक वकील, सगळे जुन्या रेकॉर्डींचे वेडे. रेकॉर्डवर सुई टेकवणारा जो दांडा असतो, त्याच्या पोटातून केसासारख्या चार तारा जातात. त्या बदलणं हाच बाबाचा धंदा, आणि हाच चमत्कार.

“तार जन्मते, वाढते, थकते,” पांढरे हातमोजे चोळत बाबा म्हणाला. “तुमच्या दांड्यात तांब्याचं मढं आहे, मढं! मढं गाईल का? ही बघा चांदी. चांदण्यात ओढलेली. हिला उजेडाची झळसुद्धा लागलेली नाही.”

“चांदण्यात ओढली तर उजेड लागलाच की,” मागच्या रांगेत थोरली पुटपुटली. औषधवाल्या काकांनी तिच्याकडे डोळे वटारले.

बाबाने आधी तांब्याच्या तारेचा दांडा वाजवला, मग चांदीचा. हॉलमधून “आहाहा!” उठलं. वकिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. एक म्हातारा तेवढा भीतभीत म्हणाला, “मला काही फरक नाही कळला.”

“तुमचा कान मेलाय, आजोबा. तार काय करणार?” सगळे हसले. म्हातारा मान खाली घालून बसला. मग बाबा पहिल्या रांगेकडे वळला. “आणि हे आमचे अण्णा! डावीकडची तार थकली हे यांनी माझ्या आधी ओळखलं. यांचा कान सोन्याचा आहे, सोन्याचा!”

अण्णा, म्हणजे थोरलीचे वडील, लाजून हसले. सगळा जन्म कोर्टात टाइपरायटर बडवण्यात गेला. बायको गेल्यावर माणूस रेकॉर्डींच्या आधारानेच जगत होता. त्यांचं कौतुक करणारं घरात कुणी उरलं नव्हतं. थोरलीला हे कळत होतं, म्हणून ती गप्प बसली. नंतर तिला या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

घरी डावा आवाज मंद झाला की बाबा यायचा. तार जोडताना डाख वितळल्याचा धूर व्हायचा, फुंकर मारली जायची, आणि डावी बाजू पुन्हा खणखणीत. दोन महिन्यांनी परत मंद. “तार पिकतेय,” बाबा म्हणायचा. मग आणखी शुद्ध तार. असं वर्ष गेलं.

थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. एका संध्याकाळी ती अण्णांच्या खुर्चीत बसून ऐकू लागली आणि तिने भुवया उंचावल्या.

“अण्णा, ही बाई डावीकडच्या भिंतीत शिरून गातेय का?”

“तुझे कान कच्चे आहेत अजून.”

तिने उठून यंत्र पाहिलं. आवाज डावी-उजवीकडे वाटणारं बटण जवळजवळ पूर्ण डावीकडे फिरलेलं होतं.

“हे कुणी फिरवलं?”

“बाबांनी. दर नव्या तारेला तिची जागा लावून द्यावी लागते म्हणे.”

थोरलीने बटण मधोमध आणलं. “गेली! घालवलीस ना डावी बाजू!” अण्णा ओरडले.

“अण्णा, आता खुर्ची फिरवा. यंत्राकडे पाठ करा.”

“हे काय नवीन?”

“पाठ केली की डावीकडचा आवाजाचा खोका तुमच्या उजव्या हाताला येतो. खोट तारेत असेल, तर आता उजवीकडे मंद वाटेल. सांगा, कुठे मंद वाटतंय?”

अण्णांनी खुर्ची फिरवली. रेकॉर्ड वाजत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांचा हात वर गेला आणि डाव्याच कानावर टेकला.

“इथेच,” ते म्हणाले. मग हळूच, “पण बाबा सोन्याचा म्हणाले होते गं.”

थोरलीला तेव्हा सगळं एकदम दिसलं. फोन नेहमी उजव्या कानाला. जिना चढताना तोल सांभाळायला भिंतीला टेकलेला हात. डोळ्यांसमोर होतं, आणि घरदार तारेकडे बघत बसलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडासमोर धरला. कानाच्या नसेवर गाठ होती, मेंदूला टेकलेली. “हळू वाढणारी असते. वर्षभर आधी आला असतात तर सोपं होतं.”

“वर्षभर आम्ही तारा बदलत होतो, डॉक्टर,” थोरली म्हणाली.

पुढच्या रविवारी ती अण्णांचा दांडा घेऊन हॉलवर गेली. बाबाने तांब्याचा दांडा वाजवला आणि चांदीचा लावण्याआधी हातमोज्यातला हात आवाजाच्या बटणावर ठेवला. तिने तो हात धरला.

“बघा सगळे. दुसऱ्या वेळेला हा आवाज किंचित वाढवतो. मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो, एवढंच याचं चांदणं! आता बटणाला हात न लावता पडद्याआडून वाजवू. चांदी कुठली, सांगा.”

औषधवाल्या काकांनी तांब्याला चांदी म्हटलं. वकील म्हणाले, दोन्ही चांदीच असावी. मग तिने अण्णांचा दांडा उघडला आणि चिमट्याने तारा ओढल्या. आत तीच जुनी तांब्याची तार. बाहेर लोंबणारी वीतभर शेपटी तेवढी चांदीची.

बाबाचा चेहरासुद्धा हलला नाही. “ताई, श्रद्धा नसली की चांदीचंही तांबं होतं.”

आणि लोकांनी माना डोलावल्या! औषधवाले काका तिला जिन्यापर्यंत सोडायला आले. “अण्णांच्या गाठीचं ऐकलं, वाईट झालं. पण पोरी, इथे ते सुखात होते ना?”

“काका, तुमच्या दुकानातून आजाऱ्याला नुसती साखरेची गोळी द्याल का? तोही सुखात राहील, मरेपर्यंत.”

काका परत आत गेले. तिच्यामागून जिना उतरला तो फक्त फरक न कळलेला म्हातारा. ज्याचा कान धड होता त्याचा बाबाने मेलेला ठरवला, आणि ज्याचा कान खरंच मरत होता त्याला सोन्याचा म्हटलं. एवढी साधी लबाडी, आणि शिकलेला हॉल या लबाडीपुढे मान तुकवून बसला.

तेव्हा बाबांनो, बायांनो, कुणी चमत्कार दाखवला की आधी त्याचा हात कुठे आहे ते बघा. पडदा लावून परीक्षा मागा. नाही म्हणाला, तर उठून चालू लागा. आणि अंगात काही बिघडलं तर डॉक्टरकडे जा. कुणी कौतुक केलं म्हणून दुखणं बरं होत नाही.

अण्णांची शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. शस्त्रक्रियेच्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी, इस्पितळात अण्णा वारले.