झाकणभर ताक

"दादा, काय मारायलास?" बांधावरून धम्मपालनं विचारलं.

"नुसतं पाणी," पाठीवरचा पंप सावरत सिद्धोधन म्हणाला, आणि तिथंच त्याचं चुकलं.

पिंगळीकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम दिवाळीपासून चालू होतं. मुरुमाच्या टिपरांनी कडेच्या वांग्यांना गेरू फासल्यागत करून टाकलं होतं. झाडं होती तेवढीच राहिली, फुलं गळू लागली. ऊन तर साऱ्या शिवारावर सारखंच पडत होतं. गोम हेरली ती सिद्धोधनच्या बायकोनं, सुकेशनीनं.

"पान उन्हावर जगतंय. त्याच्या तोंडावरच धूळ बसल्यावर ते काय खाईल? चणे हायत पण दात न्हाईत, तशी गत झाली यांची."

तेव्हापासून तो दर चार दिवसांनी सकाळी पंपानं पानं धुवायचा. वांगी पुन्हा धरू लागली.

धम्मपाल त्याचा चुलतभाऊ, बांधाला बांध. त्याची झाडं तांबडीच. पाण्यानं कुठं पीक सुधारतं का? भावानं भावापासून दवाई लपवली, हे त्याच्या मनाला लागलं. त्यानं पंप हुंगून पाहिला, उकिरड्यावर रिकामी बाटली धुंडाळली. काहीच सापडेना, तसा संशय पक्का झाला. एवढी लपवली म्हणजे दवाई भारीच असणार. आजवर दोघं एकमेकांचा माल सावडीनं तोडायचे, आज तुझा, उद्या माझा. धम्मपालनं येणंच सोडलं. नवरा-बायकोला दोघांना तोड आवरेना, वांगी झाडावरच जून व्हायला लागली.

शेवटी सिद्धोधन हरला. भावाच्या कानाशी लागून म्हणाला, "कुणाला सांगू नको. एका पंपभर पाण्याला झाकणभर ताक. पानं निथळेस्तोवर मारायचं, वरून अन् खालून."

"आता कसं खरं बोललास," धम्मपाल म्हणाला.

सुकेशनीनं नवऱ्याला फैलावर घेतलं. या वयात खोटं बोलता, म्हणाली.

"खरं सांगून पाहिलं की," तो पुटपुटला.

पंधरा दिवसांत धम्मपालची झाडं हिरवीगार झाली. तो सावडीला आला. तोडता तोडता म्हणाला, "राग धरू नको दादा, पण तुझं माप कमी हाय. मी दोन झाकणं टाकायलो."

सुकेशनीनं पदर तोंडात कोंबला. सिद्धोधनही हसला. पण सांजच्याला घरी निघताना तो बांधावर थबकला. धम्मपालची वांगी जरा जास्तच चमकत होती. मावळतीचं ऊन असेल. असेलही.

जेवताना ताटावरून मान वर न करता त्यानं विचारलं, "ताक उरलंय का गं थोडं?"