लोकेशच्या जिप्सीची पायरी

माझा लोकेश चाळिशीला आला तरी अक्कल आली नाही. काशीमीऱ्याच्या गॅरेजातून भंगारातली जिप्सी स्वस्तात उचलली, सहा महिने तिचा पत्रा ठोकला, आणि शेवटी मोठे टायर लावून ती एवढी उंच केली की माझा पाय दारापर्यंत पोचेना. आम्ही नव्या गाडीला नारळ-लिंबू करत नाही, घरातली थोरली बाई पहिली बसते, मगच गाडी निघते.

"आई, उचलून बसवतो," म्हणाला. अख्खी बिल्डिंग खिडक्यांत उभी होती.

"मेल्यावर चार जण उचलतीलच," म्हटलं आणि घरात आले.

आठ दिवस गाडी जागची हलली नाही. "तुमच्यासाठीच थांबलेत ते," सून पंचशीला म्हणाली. रविवारी खाली उतरले, तर गाडीच्या दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड केलेली. अगदी आमच्या मोरीच्या कट्ट्याएवढी. तो कट्टा मी रोज कुणाचा हात न धरता चढते. याने माप कधी घेतलं कोण जाणे.

हात पुढे करता करता त्याने मागे घेतला. मी चढले, बसले, पदर सारखा केला.

"लोक्या, रंग भिकार आहे आणि आवाज ट्रकचा. पण आईला बसवायची अक्कल आहे तुला. चल, उत्तनच्या समुद्रावर घे."