रुख्माबाईंचा काढा

देवळीजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हंगाम लागला की रोज सकाळी फाटकापाशी रुख्माबाईंची चूल पेटे. अडुळसा, तुळस, ज्येष्ठमध आणि गूळ घालून उकळलेला काढा कापूस निवडणाऱ्या बाया ओळीने पीत आणि आत जात. आत कापसाच्या तुसाचं धुकं असे. "माह्या काढ्यानं छाती लोखंडाची होते," असं रुख्माबाई अभिमानाने सांगत. त्यांची सून वर्षालीही त्याच भरवशावर आठ हंगाम आत गेली. धूळ ओढणारे पंखे केव्हाचे बंद होते. कोणी विचारलंच, तर मालक प्रभाकरराव हसून म्हणत, "मावशीचा काढा आहे ना!"

कार्तिकात वर्षालीला अंगणातून न्हाणीपर्यंत चालवेना. सासूने काढा आणखी दाट केला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"आजी, काढ्याने घसा निवतो," तरुण डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "फुफ्फुसात गेलेली धूळ त्याने अडत नाही, निघतही नाही."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं कोणी?"

"आधी कोणी आणलंच नाही यांना."

पौषात वर्षाली गेली. तेरवी उरकताच प्रभाकरराव घरी आले. "मावशी, बाया खोकलून राह्यल्या. उद्यापासून काढा कराले येजा."

रुख्माबाई गेल्या, पण चूल पेटवली नाही. फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "बायांनो, मी चुकली. माह्या काढ्यानं छाती वाचत नाई. पंखे चालू होईस्तोर आत नोका जाऊ."

बाया थबकल्या. वर्षालीच्या शेजारी बसून कापूस निवडणारी मोहिनी पदरात तोंड घालून रडली. मग तिनेच विचारलं, "मावशी, मंग आमी जावं कुठं?"

भोंगा झाला. नजर चुकवत एकेक बाई आत गेली. शेवटी मोहिनीही.

दुसऱ्या दिवसापासून फाटकात मालकाने मागवलेल्या काढ्याच्या तयार बाटल्या येऊ लागल्या. सुनेच्या दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं, असं गावाने ठरवून टाकलं. तरी रुख्माबाई रोज जातात, प्रत्येकीला तेच सांगतात. अजून एकही बाई फाटकातून मागे फिरलेली नाही.

परवा ओळीत एक नवी सून दिसली. हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. रुख्माबाईंनी तिचं मनगट धरलं. "पोरी, नोको जाऊ."

पोरीने हळूच हात सोडवून घेतला.

"काऊन भेता, आजी? आताच काढा पेली ना मी."