नावानं हाक

"भिमाजी! घर हाय हे. लता हाय."

उंबऱ्यात उभी राहून लताने तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कुठे ओट्यावरच्या खाटेवर झोपलेला नवरा हलला. मोरीपाशी बसलेल्या आक्काबाईने, म्हणजे सासूने, पातेलं आपटलं.

"सारी वस्ती ऐकती. नवऱ्याचं नाव घेती चारचौघांत! आमच्या सात पिढ्यांत असं कुनी केलं नाय."

"तुमच्या सात पिढ्यांचे नवरे हातानं हलवून उठत व्हते, आत्याबाई. माझा नाय उठत."

सासूने पुन्हा पातेलं घासायला घेतलं. एकाहत्तरच्या लढाईतून भिमाजी हातीपायी धड परत आला, म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि विषय मिटवला. आता तो सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता, झोपायचा दिवसा. एका दुपारी लताने चहासाठी त्याच्या खांद्याला हात लावला आणि मिटल्या डोळ्यांनीच त्याने तिचं मनगट पिरगाळलं. हाड मोडलं. पुरती जाग आल्यावर तिच्यापेक्षा तोच जास्त रडला. लढाईत शेजारी झोपलेल्या जोडीदाराला शत्रूने झोपेतच गाठलं होतं, एवढंच त्या दिवशी त्याने सांगितलं. हाड सांधलं, पण खाट त्याने ओट्यावर नेली ती नेलीच. जागेपणीही तो तिच्यापासून चार हात लांब राहू लागला. लग्नाला पुरती तीन वर्षं झाली नव्हती, आणि लताला त्याच्या या लांब राहण्याचा राग यायचा, खराखुरा राग.

मनगटाची बातमी उशिरा का होईना, माहेरी पोचायची ती पोचलीच. रविवारी तिचा भाऊ मोतीराम पिंपळगावहून कांद्याच्या टेम्पोतून आला.

"कपडे भर. लय झालं."

"आधी च्या घे, दादा," म्हणून ती आत वळली. मोतीरामला कुठला धीर! "दाजी, उठा! बोलायचंय," म्हणत त्याने झोपलेल्या भिमाजीला गदागदा हलवलं.

लता धावत आली तेव्हा मोतीराम भिंतीला टेकला होता आणि भिमाजीचा हात त्याच्या गळ्यावर होता. आक्काबाई लेकाला मागून ओढत होती. ती ओढेल तशी पकड आवळत होती. लताने सासूला बाजूला केलं. स्वतः लांब उभी राहिली.

"भिमाजी. घर हाय हे. लता हाय. तो मोतीराम हाय, माझा भाऊ."

हात सुटला. भिमाजी मटकन खाली बसला.

"घेऊन जा हिला," तो म्हणाला. "उद्या हिचा गळा आसंल."

"ऐकलंस? दाजीच म्हनत्यात," मोतीराम खोकत म्हणाला.

"ऐकलं. आता माझं ऐका. माझं लगीन जाग्या मानसाशी लागलंय, दादा. जाग्यापनी ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारलेला नाय. झोपेतल्या मानसाचं काय करायचं ते मी बघते."

मोतीराम एकटाच परत गेला.

त्याच दुपारी लताने खाट ओढत घरात आणली, एका भिंतीला लावली. समोरच्या भिंतीशी आपलं अंथरूण टाकलं.

"नको, लता."

"आत्ता जागे हाय ना? मग हात द्या."

किती तरी महिन्यांनी त्याने हात दिला. ती खाटेच्या कडेला बसून राहिली. त्याचे डोळे जड व्हायला लागले, तशी ती मोठ्याने म्हणाली, "मी उठते हं."

"ऊठ," तो म्हणाला.

हात सोडवून ती पलीकडे जाऊन पडली.

पुढे दोन मुलं झाली, संसार नीट झाला. नवऱ्याच्या कुशीत झोप कशी लागते, हे मात्र लताला कधी कळलं नाही.