उशीवरचे तीन सिंह

बाईसाहेबांच्या मुलीच्या, लेटिसच्या, शिवणाच्या टोपलीत तो कागद मला सापडला तेव्हा राजवाड्याच्या घड्याळात आठचे ठोके नुकतेच पडून गेले होते. मी तो उलगडला, खिडकीशी नेऊन नीट पाहिला आणि तसाच बाईसाहेबांच्या हातात दिला. सांगण्यासारखं काही नव्हतं. दिसत होतं.

तो उशीवरच्या भरतकामाचा खाका होता. रेघांवर सुईने भोकं पाडलेली, त्यांवर कोळशाची पूड चोळलेली. मधोमध अ‍ॅव्हरेल घराण्याची ढाल, चार घरांची. पहिल्या घरात काळा करकोचा, दुसऱ्यात शिंपले, तिसऱ्यात ओकचं झाड. चौथ्या घरात एकाखाली एक तीन सिंह, पंजा उचललेले.

हे राजाचे सिंह. आमच्या मालकांची पणजी एका जुन्या राजाची मुलगी होती, म्हणून ते एके काळी आमच्याही ढालीवर असत. गेल्या उन्हाळ्यात मालकांचे चुलतभाऊ सर फल्क यांनी नव्या घराच्या खिडकीत, काचेत, हेच सिंह बसवून घेतले. राजांच्या जवळचे लॉर्ड विथॅम त्यांच्याकडे जेवायला गेले, खिडकीचं कौतुक करून आले आणि आठवड्याभरात आरोप ठेवला गेला की जो राजाचे सिंह आपल्या घरात लावतो त्याचा डोळा राजाच्या खुर्चीवर आहे. सप्टेंबरात सर फल्क यांचं डोकं उडवलं. त्यानंतर महिनाभर आम्ही घरातले सिंह खरवडत होतो. ताटांवरून, पलंगाच्या पडद्यांवरून, वेशीच्या दगडावरून, पणजीच्या थडग्यावरूनसुद्धा.

"उशी कुठं आहे?" बाईसाहेबांनी विचारलं.

"कारभारी घेऊन गेला. सातलाच. राजांना द्यायच्या घरातल्या सगळ्यांच्या भेटी एकदम."

"ही तिनं कधी केली?"

"आत्यासाहेबांकडं. सहा महिने खपत होती म्हणे. काल मला म्हणाली, ऑड्री, आईसाहेब बघतच राहतील."

बाईसाहेब, म्हणजे थॉमसिन, लेडी अ‍ॅव्हरेल. मी त्यांच्याकडे बावीस वर्षं आहे आणि त्यांना खाली बसून विचार करताना मी फारसं पाहिलेलं नाही. तेव्हा त्या बसल्या. लेटिस सातव्या वर्षी मालकांच्या बहिणीकडे राहायला गेली, मोठ्या घरच्या मुली जातात तशी. आता चौदाव्या वर्षी राणीच्या दालनात रुजू व्हायला तीन दिवसांपूर्वी आली होती. सप्टेंबरात बाईसाहेबांनी नणंदेला पत्र लिहिलं होतं, सिंह असलेली प्रत्येक वस्तू जाळा. का, ते लिहिलं नव्हतं. पत्रं फोडली जातात. फल्ककाका तापाने गेले, एवढंच पोरीला ठाऊक होतं. आत्यासाहेबांना डोळ्यांनी धड दिसत नाही, पोरीच्या मांडीवर काय चाललंय ते त्यांना कळणार नव्हतं.

"प्रार्थना दहाला संपते," बाईसाहेब म्हणाल्या. "लेटिस राणीबरोबर आत आहे. हे राजांच्या मागं उभे असतील. दोघांपर्यंत पोचता येणार नाही."

"साहेबांना चिठ्ठी पाठवू?"

"ह्यांना? ह्यांचा चेहराच सगळं बोलून टाकेल." त्या उठल्या. कागद शेगडीत घातला आणि पूर्ण जळेपर्यंत उभ्या राहिल्या. "तुझी कात्री घे. बारीक. आणि सुया."

नव्या वर्षाच्या भेटी दरबारच्या दालनात लांब टेबलांवर मांडतात. प्रार्थनेहून आले की राजे टेबलांच्या कडेने चालत जातात, एकेक वस्तू पाहतात, देणाऱ्याशी एखादा शब्द बोलतात. ज्याच्या भेटीपाशी न थांबता ते पुढे जातात त्याच्याशी त्या दिवसापासून कोणी बोलत नाही. तिथला पहारा मास्टर टाय यांच्याकडे होता. संधिवाताने पाय सुजलेला हा म्हातारा स्टुलावर बसून सगळ्यांवर खेकसत होता.

"आत्ता नाही, बाईसाहेब. कुणालाही नाही. मघाशी एक जण जिवंत माकड ठेवून गेला. त्यानं बदामाच्या किल्ल्याचा बुरूज खाल्ला. आता मी किल्लेदाराला काय सांगू?"

"सांगा, वेढा पडला होता."

तो हसला. बाईसाहेबही हसल्या. मला त्यांचा डावा हात दिसत होता. तो घागऱ्याच्या चुणीत घट्ट रुतला होता.

"माझ्या मुलीची उशी आहे. तेवढी एकदा बघायची होती."

"टेबलावर ठेवली की ती राजांची झाली. हलवली तर चोरी. नियम माझा नाही."

"मी कुठं हलवतेय? तिच्यात टाचणी राहिलीय."

मास्टर टाय यांचं हसू थांबलं.

"आत्ता ऑड्रीनं मोजल्या. एक कमी आहे. मखमलीच्या वरच्या बाजूला असावी." बाईसाहेब अगदी हळू आवाजात बोलत होत्या. "मी काही म्हणत नाही. तुम्ही पारखून घेतलेली उशी आहे. राजांनी हात ठेवला आणि टोचली, तर ती कुणाची चूक ते लोकच ठरवतील. टाचणीच्या टोकाला काय लावलं होतं तेही लोकच ठरवतील."

"काढा," तो म्हणाला. "इथंच काढा. माझ्यासमोर. लवकर."

गुडघ्यावर उशी घेऊन मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले. बाईसाहेब माझ्या आणि मास्टर टाय यांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि त्याच्या पायाची चौकशी करू लागल्या.

कलाबूत, म्हणजे सोन्याची तार, कापडातून आरपार जात नाही. ती कापडावर मांडायची आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग बांधायची. हे बांधलेले टाके कापले की अख्खी तार वर उचलून येते. साधारण हाताचं काम असतं तर मी पाव तासात मोकळी झाले असते. लेटिसचा हात साधारण नव्हता. टाके दाण्यासारखे, एकमेकांना चिकटून, जागा अशी नव्हतीच. आयाळीचा केस न् केस वेगळा होता. पहिला सिंह निघायलाच साडेआठ उलटून गेले. दुसऱ्याच्या वेळी माझी बोटं घामाने घसरायला लागली. कापलेली कलाबूत मी चोळीत कोंबत होते.

"सापडली का?" मास्टर टाय ओरडला.

"आत खोल गेलीय, साहेब," मी म्हणाले.

"देवा रे."

तिसरा सिंह निघाला तेव्हा साडेनऊ झाले होते. पण काम तिथे संपलं नाही. सोनं गेलं तरी खुणा राहिल्या. दबलेली मखमल, टाक्यांची भोकं, भोकांत कोळशाची पूड. लाल कापडावर तीन सिंहांच्या सावल्या स्पष्ट दिसत होत्या. मी मान वर करून बाईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी एकदाच खाली नजर टाकली.

त्यांच्या बाह्यांवर मनगटापासून खांद्यापर्यंत भरलेली गुलाबी फुलं लावली होती. निराळ्या कापडावर भरून, कापून, वरून शिवलेली. आम्ही दोघींनी ती दोन हिवाळ्यांत केली होती. त्यांनी डावा हात पाठीमागे माझ्याकडे केला. मी कोपराजवळचं सगळ्यात मोठं फूल कापून काढलं आणि चौथ्या घरावर ठेवलं. सावल्या झाकल्या गेल्या. एक पंजा बाहेर राहत होता. मी फूल थोडं तिरकं केलं आणि शिवायला घेतलं.

शेवटचा टाका दातांनी तोडला तेव्हा प्रार्थना संपल्याची घंटा झाली. चोळीतली एक टाचणी काढून मी मास्टर टाय यांना दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीबाहेर फेकून दिली.

दार उघडलं.

राजांना त्या दिवशी सर्दी झाली होती. हातात रुमाल, नाक लाल, आणि मनःस्थिती कशी आहे ते कुणालाच समजत नव्हतं. त्यांच्या मागे आमचे मालक लॉर्ड अ‍ॅव्हरेल आणि लॉर्ड विथॅम खांद्याला खांदा लावून चालत होते. राणीच्या मुलींच्या रांगेत लेटिस शेवटची होती. ती टाचा उंचावून टेबलाकडे पाहत होती. आपली उशी कधी येते म्हणून.

राजे उशीपाशी थांबले.

"हे काय? ढालीत बागेतलं फूल? अ‍ॅव्हरेल, तुमचे पूर्वज माळी होते?"

सगळे हसले. मालक लाल झाले. त्यांनी उशी आधी पाहिलीच नव्हती.

लॉर्ड विथॅम वाकून पाहत होते. "महाराज, मला आठवतं त्याप्रमाणे चौथ्या घरात दुसरंच काहीतरी असायचं."

हसू थांबलं. माझ्या चोळीत तीन सिंहांची कलाबूत टोचत होती आणि मला खोकला यायला लागला. मी जीभ चावली.

"असायचं, लॉर्ड विथॅम," बाईसाहेब म्हणाल्या. "ते महाराजांकडेच शोभतं, म्हणून आम्ही उतरवलं. घर रिकामं ठेवलंय. मुलगी गावाकडे वाढली, महाराज. रिकाम्या घरात काय भरायचं ते तिला कळेना. बागेत दिसलं ते भरलं."

"कोणती मुलगी?"

लेटिस पुढे आली. तिने गुडघे टेकले, मान वर केली आणि तिला उशी दिसली.

सहा महिने तिने ज्या जागेवर डोळे रोवले होते तिथे आईच्या बाहीवरचं फूल होतं. तिच्या कपाळावरची शीर मला इतक्या लांबून दिसली. ती मालकांची मुलगी आहे. रागावली की आधी बोलते. राजांसमोर म्हणायचं भाषण तिने पाठ केलं होतं, तेही मला ठाऊक होतं. पणजीचं नाव त्यात पहिल्याच वाक्यात होतं.

"काय गं?" राजे म्हणाले. "आपल्या घराण्याचं चौथं घर कुठलं, ठाऊक नाही तुला?"

लेटिसने आईकडे पाहिलं. बाईसाहेबांना राजांसमोर दोन्ही हात पसरून झुकावं लागलं होतं. डाव्या कोपराजवळ फुलाच्या मापाची मोकळी जागा होती, आणि तिथले दोरे लोंबत होते. लेटिस त्या दोऱ्यांकडे पाहत राहिली. माकडाची साखळी वाजत होती तेवढाच आवाज.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "मला तीनच शिकवली."

राजांनी रुमाल नाकाला लावला, शिंकले, आणि मग हसले. "तीन पुरेत. पण जिला ढालीची घरं भरता येत नाहीत ती राणीच्या दालनात काय करणार? घरी न्या. आधी शिकवा." आणि पुढे गेले.

लॉर्ड विथॅम मागे रेंगाळले. बाईसाहेबांच्या घागऱ्यावरून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं. नखाएवढी कलाबूत.

"बाईसाहेब, तुमचं काहीतरी पडलंय," ते म्हणाले. त्यांनी ती बाईसाहेबांच्या तळहातावर ठेवली, बाहीकडे एकदा पाहिलं, आणि राजांच्या मागे गेले.

मालक नंतर खोलीत येऊन फार बोलले. "सात वर्षं माझ्या बहिणीनं हिला काय शिकवलं? भरल्या दरबारात माळी म्हणवून घेतलं मला! आणि तुम्हीसुद्धा, बाईसाहेब, आधी बघायला नको?"

"चुकलंच माझं," बाईसाहेब म्हणाल्या. "आजच पाठवते तिला."

त्यांना काही सांगायचं नाही असं आमचं कधीच ठरलं होतं. त्यांना वाइन चढली की ते सगळ्यांना भाऊ समजतात.

दुपारी आत्यासाहेबांकडे जायला नदीच्या पायऱ्यांवर नाव उभी होती. लेटिस रडली नव्हती. आई तिचा झगा नीट करत होती, दोनदा झालेली गाठ तिसऱ्यांदा बांधत होती. नावाडी ऐकत होते, म्हणून दोघी हवेबद्दल बोलल्या. मग बाईसाहेब तिच्या कानाशी वाकल्या.

"टाके फार बारीक होते तुझे. कापताना ऑड्रीचे हात दुखले." आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिनं ते सिंह कशावरून उतरवले, विचारलंस?"

"विचारलं. बारशाच्या दुलईवरून."

बाईसाहेबांनी पाण्याकडे पाहिलं. ती दुलई मला ठाऊक होती. लेटिसला चर्चमध्ये नेलं ते तिच्यात गुंडाळून. लेटिसच्या आधीचे दोन मुलगेही त्याच दुलईत नेले होते, आणि त्यांतला एकही वर्षाचा झाला नाही. लेटिस आत्यासाहेबांकडे गेली तेव्हा दुलई तिच्या पेटीत होती.

"सप्टेंबरच्या पत्रात मी ती लिहिली नव्हती," त्या म्हणाल्या. "विसरले नव्हते मी, ऑड्री."

"हो, बाईसाहेब."

"विथॅमची माणसं दोन दिवसांत आत्यासाहेबांकडं पोचतील. तू आधी पोच."

नावेत मी लेटिसला फल्ककाकांबद्दल खरं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या खिडकीचं चित्र त्यांनी मला दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, काका, सिंह मोठे करा."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी आत्यासाहेबांच्या स्वयंपाकघरात मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि भट्टी पेटवली. दुलई मी टाकणार होते. लेटिसने ती माझ्या हातून घेतली. कोपऱ्यात दोन लहान अक्षरं होती, दोन भावांची, त्यांवरून तिने अंगठा फिरवला. मग घडी न मोडता दुलई आत सारली. तिच्यावर मी माझ्या चोळीतली कलाबूत टाकली. लोकर जळाल्याचा वास सुटला.

रेशीम जळलं, लोकर जळली, अक्षरं जळली. सोनं जळत नाही. राख निवल्यावर तिच्यात बारीक तारा चमकत होत्या. काही अजून वाकलेल्या होत्या, पंजाच्या आकारात. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि पिठाची चाळणी घेतली. लेटिस तारा वेचून माझ्या ओंजळीत टाकत होती आणि मी त्या मागच्या तळ्यात फेकून येत होते.

"झालं आता," मी म्हणाले.

रस्त्याच्या बाजूने कुत्री भुंकायला लागली. एकाहून जास्त घोडे होते.

लेटिसने चाळणी पुन्हा राखेत घातली. "इथं एक आहे अजून," ती म्हणाली. "ऑड्री, इथं बघ. इथं अजून एक आहे."